अनाथ पॅकेज दत्तक घेतलं: जून ते सप्टेंबर 2025

1 जून 2025, रविवार. भांडुप

यंदा पाऊस 26 मेलाच मुंबईत येऊन बसला. रविवारी बाहेर पडायचा प्रश्न नव्हता, म्हणून लॅपटॉप अपडेट करायला घेतला. शेवटी नेहमीसारखी हाऊ-कॅन-आय-हेल्पची यादी आली. डेबियन या लिनक्स प्रणालीत प्रत्येक प्रोग्राम पॅकेज म्हणून येतो, आणि हे त्यातलंच एक मजेशीर पॅकेज आहे. आपल्या मशिनवर बसवलेल्यांपैकी कोणाला माणूस हवाय, ते दर अपडेटनंतर सांगतं. दोन वर्षं ही यादी मी न वाचता बंद करते. आज त्यात ओळखीचं नाव दिसलं आणि पुढे लिहिलेलं होतं: अनाथ.

नाव इथे लिहीत नाही, कारण ते साधन वापरणारे मोजकेच असतील आणि मूळ लेखकाला उगाच ओशाळल्यासारखं व्हायला नको. काम सांगते. पोस्टस्क्रिप्ट फाइलमधली पानं पुस्तिकेसाठी लावून देतं. सोळा पानांची पुस्तिका चार कागदांवर छापायची तर पहिल्या कागदावर सोळावं आणि पहिलं पान शेजारी शेजारी यावं लागतं, मागे दुसरं आणि पंधरावं. छापखान्यात याला फर्मा लावणं म्हणतात. मी चौदा वर्षं दादरच्या एका छापखान्यात डीटीपी करते. मजकूर श्रीलिपी आणि कोरलवर होतो, पण फर्मा लावायला कोपऱ्यातलं एक जुनं मशिन आहे. त्यावर मावसभावाने कधीकाळी डेबियन घालून दिलं. त्या मशिनवर रोज चालणारं साधन अनाथ आहे आणि मला पत्ता नव्हता.

अनाथ म्हणजे बंद नव्हे. मेंटेनरने, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याने, हात काढला की ते गुणवत्ता बघणाऱ्या क्यूए गटाच्या नावावर जातं. काही गंभीर मोडलं तर कोणीतरी दुरुस्त करतं, नाहीतर ते तसंच पडून राहतं. पुढे बांधणीच, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनवणंच, होईना झालं की एक दिवस काढून टाकतात.

डिप्लोमाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा होती. त्याला पंधरा वर्षं झाली.

7 जून, शनिवार

डेबियनची बग, म्हणजे दोषांच्या नोंदींची, यंत्रणा अजूनही ईमेलवर चालते. अनाथ पॅकेजसाठी एक बग उघडलेला असतो, शीर्षकाच्या सुरुवातीला 'ओ', म्हणजे ऑर्फन्ड. दत्तक घ्यायचं तर तो बदलून 'आयटीए' (इंटेंट टू अडॉप्ट) करायचा आणि मालक म्हणून स्वतःचं नाव लावायचं. हे सगळं एका पत्त्यावर आज्ञा पाठवून.

मी रीतसर पत्र लिहिलं. नमस्कार, मी मुंबईची, अमुक काम करते, हे पॅकेज सांभाळायची इच्छा आहे, आणि खाली दोन आज्ञा. दहा मिनिटांत उत्तर आलं. नमस्काराच्या ओळीपुढे 'ही आज्ञा कळली नाही'. मी मुंबईची, पुढे 'ही आज्ञा कळली नाही'. चार-पाच ओळींनंतर यंत्राने सहनशक्ती संपल्याचं कळवून वाचणंच थांबवलं. आज्ञा राहिल्या खालीच.

दुसऱ्यांदा फक्त दोन आज्ञा आणि शेवटी 'थँक्स'. हा शब्द त्या यंत्राला कळतो. अर्थ: इथे थांब, पुढचं वाचू नकोस. बाबा बारा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यांना असं यंत्र मिळायला हवं होतं.

एक लक्षात ठेवायचं: तिथे पाठवलेला प्रत्येक मेल कायमचा उघड राहतो, पत्त्यासकट. आधी वेगळा पत्ता काढून घेतला ते बरं केलं.

15 जून, रविवार

सोर्स उतरवला. मूळ लेखकाचं सी साधारण चार हजार ओळी. त्यावर 'डेबियन' नावाची एक फोल्डर, आणि मेंटेनरचं राज्य तेवढंच. कंट्रोल फाइलमध्ये पॅकेजची ओळख आणि त्याला काय काय लागतं ते. रूल्समध्ये बांधायचं कसं. चेंजलॉग म्हणजे बदलांची वही, मग कॉपीराइट, वॉच. आणि पॅचेस, म्हणजे मूळ कोडला न दुखवता वरून लावलेली ठिगळं.

स्टँडर्ड्स-व्हर्जनच्या रकान्यात, म्हणजे डेबियनची कितवी नियमावली पाळली त्यापुढे, 3.9.8. म्हणजे 2016 नंतर कोणी नीट बघितलेलं नाही. डेबहेल्पर या बांधणीच्या साधनाची पातळी 9. सध्या 13 वापरतात, मध्ये एका पातळीवर ऑटोकॉन्फ (मशिन तपासणारी कॉन्फिगर फाइल बनवणारं साधन) आपोआप नव्याने चालवायची पद्धत आली, त्यामुळे नुसता आकडा बदलून भागत नाही. बदलून बघितला आणि बांधणी तिसऱ्याच मिनिटाला आपटली. मूळ लेखकाची कॉन्फिगर फाइल इतकी जुनी की नवं ऑटोकॉन्फ तिच्याकडे बघून नुसतं कुरकुरतं.

आपल्या रोजच्या मशिनवर बांधायचं नाही, हा पहिला धडा. तिथे हजार गोष्टी आधीच बसवलेल्या असतात, त्यामुळे कंट्रोलमध्ये लिहायची राहिलेली गरज कळतच नाही. एसबिल्ड हे साधन दर वेळी सिडची कोरी करकरीत खोली तयार करतं, फक्त लिहिलेलं सामान आत नेतं, बांधतं आणि खोली मोडून टाकतं. सिड म्हणजे अनस्टेबल, डेबियनची सतत बदलणारी कच्ची आवृत्ती, ते नाव कधी बदलत नाही. पहिल्याच फेरीत दोन सामानं यादीत नसल्याचं निघालं.

लिंटियन या पॅकेज तपासणाऱ्या साधनाने सत्तावीस तक्रारी काढल्या. वॉच फाइल ज्या संकेतस्थळाकडे नवी आवृत्ती शोधायची, ते स्थळच उरलेलं नाही. लेखक दुसरीकडे गेलाय, तिथे दोन नव्या आवृत्त्या पडून आहेत.

21 जून, शनिवार

पॅकेजवर सगळ्यात मोठा उघडा बग: जीसीसी 15ने बांधता येत नाही. एप्रिलमध्ये आलेल्या या कंपायलरने सीची सर्वसाधारण आवृत्ती 17वरून 23वर नेली. डेबियनने फेब्रुवारीतच, ते यायच्या आधीची प्रत घेऊन, सगळं भांडार त्यावर बांधून बघितलं आणि जे जे आपटलं त्यावर बग टाकून ठेवले. त्यातला एक माझ्या वाट्याला.

कारण दोन. 1990च्या दशकात सीमध्ये 'बूल' हा प्रकारच नव्हता, म्हणून लेखकाने स्वतःच खरं-खोटंची जोडी घडवून तिला ते नाव दिलं. तेव्हाचे सगळेच तसं करायचे. 1999च्या सीमध्ये तो हेडर नावाच्या जोडफाइलमधून मिळायला लागला, 2023च्या सीमध्ये भाषेचा राखीव शब्दच झाला. आता ते नाव कोणाला नव्याने ठेवता येत नाही. इलाज सोपा, घरची जोडी काढून हेडर जोडला.

दुसरं कारण खट्याळ. फंक्शनच्या नावापुढे रिकामा कंस लिहिला तर जुन्या सीमध्ये अर्थ होता 'आत काय येईल ते सांगत नाही'. आता अर्थ आहे 'आत काहीही येत नाही'. या कोडमध्ये कागदांच्या आकारांचा एक तक्ता आहे. त्यात सगळी फंक्शनं रिकाम्या कंसाने टांगलेली, आणि बोलावताना मात्र दोन-दोन आकडे दिलेले. अकरा जागा. प्रत्येकीला काय हवंय ते शोधून लिहीत बसले, रात्रीचा दीड वाजला.

जीसीसी 15 हाताशी नसलं तरी चालतं. 14लाच 23ची पद्धत लावायला सांगितलं की हेच सगळे दोष दिसतात.

29 जून, रविवार

दिवसभर कॉपीराइट. प्रत्येक फाइलचा माथा वाचायचा आणि कोणाचा हक्क, कोणता परवाना, ते नोंदवायचं. कंटाळवाणं काम, पण मला आवडलं. चौदा वर्षं पुस्तकांची दुसरी पानं लावतेय, 'सर्व हक्क' ही ओळ डोळे मिटून सेट करते. इथे पहिल्यांदा ती वाचून काय होतं ते कळलं.

नमुन्याच्या फोल्डरमधल्या एका फाइलवर 'व्यापारी वापरास मनाई' निघालं. डेबियनची मुक्त सॉफ्टवेअरची कलमं 1997ची आहेत. त्यातलं सहावं सांगतं की कोणत्याही क्षेत्रातल्या वापराला मनाई करता येणार नाही. म्हणजे ही फाइल मुख्य भांडारात राहू शकत नाही. इतकी वर्षं राहिली. नमुनाच होता, पॅकेज करताना वगळून टाकला. लेखकाला कळवलं.

6 जुलै, रविवार, आषाढी

आईचा उपास, घरात वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मी दोन वाट्या घेऊन पुन्हा मशिनसमोर.

नवी आवृत्ती घ्यायची. त्याआधी एक काम स्वतःच ठरवून केलं: लेखकाने दिलेला टारबॉल (सोर्सचं गाठोडं) आणि त्याच आवृत्तीचा गिटमधला, म्हणजे कोडच्या इतिहासातला, टॅग, दोन्ही उलगडून ओळीओळीने ताडून पाहिले. कारण एक्सझेड, फाइली दाबून लहान करणारं साधन. 29 मार्च 2024ला आंद्रेस फ्रॉइंडने जाहीर केलं की एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत चोरदार आहे. त्याला एसएसएचचं, म्हणजे दूरच्या मशिनवरचं, लॉगिन अर्ध्या सेकंदाने उशिरा होतंय असं वाटलं, तो त्याच्या मागे लागला, म्हणून सापडलं. चोरदार उघडणारी कळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त टारबॉलमधल्या एका फाइलमध्ये होती. घातली ती सहदेखभालकर्त्यानेच, दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून विश्वास कमावल्यावर. मूळ मेंटेनर एकटा, थकलेला. डेबियनच्या सिड आणि त्यापुढच्या पायरीवरच्या टेस्टिंगमध्ये त्या आवृत्त्या पोहोचल्याही होत्या.

माझ्या टारबॉलमध्ये जास्तीचं निघालं ते ऑटोकॉन्फने बनवलेलंच. तरीही ते फेकून नव्याने बनवायचं ठेवलंय.

हे करताना एक गंमत जाणवली. या गोष्टीत मी कोण? लांबच्या शहरातली, कोणी न पाहिलेली बाई, थकलेल्या माणसाचं पॅकेज मागणारी. कोणी माझ्यावर संशय घेतला तर तो शहाणपणाच म्हणेन.

मग पॅचेस. आठ होते. पाच लेखकाने स्वतःच घेतलेत, काढले. दोन अजून हवेत. आठवा 'पेपर' नावाचा, बारा ओळींचा. वर ना वर्णन, ना नाव, ना तारीख. नव्या आवृत्तीवर बसतही नाही. लेखकाच्या टिपणात 'कागदाच्या आकाराची हाताळणी नव्याने लिहिली' असं आहे. म्हणजे गरज संपली. काढला.

एक छोटी चाचणीही जोडली. बांधून झालं की सोळा पानांची फाइल ए4वर लावून बघायची आणि पानांचा क्रम तपासायचा. पास.

12 जुलै, शनिवार

मला भांडारात थेट काही टाकता येत नाही. डेबियन डेव्हलपर असलेल्या कोणीतरी तपासून, स्वतःची सही करून टाकावं लागतं. त्याला स्पॉन्सर म्हणतात. पॅकेज मेंटर्स या डेबियनच्या संकेतस्थळावर चढवलं, स्पॉन्सर हवाय असा बग टाकला आणि चार दिवस रोज लोकलमध्ये मेल उघडून बघितला.

आज उत्तर आलं. सव्वीस मुद्दे. एकही कौतुकाचा शब्द नाही, एकही टोमणा नाही. चेंजलॉगमध्ये 'किरकोळ दुरुस्त्या' असं लिहू नकोस, काय आणि का ते लिही. ही गरज खरंच लागते का? हे वर्णन वापरणाऱ्याला काय सांगतं? एकोणिसावा मुद्दा: 'पेपर पॅच का काढलास?' मी उत्तर दिलं, लेखकाने ते नव्याने लिहिलंय. त्याने विचारलं, तू चालवून बघितलंस? मी लिहिलं, चाचणी पास आहे.

शेवटचा मुद्दा वेगळा होता. डेबियनची येणारी आवृत्ती ट्रिक्सी, तिचं कडक फ्रीज, म्हणजे नवे बदल रोखणं, 15 मेपासून लागलंय. नवी मूळ आवृत्ती आत्ता सिडमध्ये टाकायची नाही, रिलीज होऊ दे. तोवर वापरत राहा.

थोडी हिरमुसले. महिनाभर घाम गाळून 'थांब'.

23 जुलै, बुधवार. दादर

गणपती महिन्यावर आलेत, म्हणजे आमचा सीझन. वर्गणीची पावतीपुस्तकं, कार्यक्रमपत्रिका आणि मंडळांचे अहवाल. अहवाल म्हणजे चार पानं हिशेब आणि बाकी शुभेच्छुकांच्या जाहिराती.

'वापरत राहा' म्हटलं होतं, म्हणून नवं पॅकेज छापखान्यातल्या मशिनवर घातलं होतं. आज त्यावर पहिला फर्मा लावला, सोळा पानी अहवाल, लेझरवर प्रूफ काढलं आणि तात्यांकडे दिलं. तात्या आमचे बाइंडर, पन्नास वर्षं कागद दुमडतायत. त्यांनी चार कागद जुळवले, बोटाने घडी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, घडी मजकुरावरून चाललीय."

खरंच. मधल्या पानावर एका मोठ्या शुभेच्छुकांचा फोटो होता, घडी त्यांच्या कानावरून गेलेली. पट्टी लावली. नऊ मिलिमीटर.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता हिशेब केला. ए4 आडवा धरला की रुंदी 297 मिलिमीटर, मध्य 148.5वर. अमेरिकेतला लेटर कागद आडवा 279, मध्य 139.5च्या आसपास. फरक नऊ. माझं साधन लेटर समजून पानं लावत होतं.

बारा ओळींचा पेपर पॅच दुसरं काही करत नव्हता. आकार सांगितला नसेल तर मशिनवर जो कागद ठरवलेला आहे तो विचारून घ्यायचा. लेखकाने नव्याने लिहिलंय ते असं की स्वतःची सेटिंगची फाइल बघायची आणि ती नसेल तर लेटर. त्याच्या गावात लेटरच मिळतो, त्याचं काही चुकलं नाही. आणि माझी चाचणी पास झाली कारण तिच्यात मी ए4 हाताने लिहिलेलं होतं.

छपाईला प्लेटा गेल्या नव्हत्या, म्हणून चार कागदांवर निभावलं. मालकांना सांगितलं नाही. तात्यांनीही नाही सांगितलं, पण चहा माझ्याकडून घेतला.

27 जुलै, रविवार

फ्रीजमुळे वाचले. बारा तारखेला भांडारात गेलं असतं, तर जगभरातल्या ए4वाल्यांची घडी मी बिघडवली असती.

आज आधी शोधायला हवं होतं ते शोधलं. पॅकेजचा चेंजलॉग अगदी पहिल्या दिवसापासूनचा फाइलमध्येच असतो, कोणी काही खोडत नाही. खाली खाली जात 2003च्या नोंदीपर्यंत पोहोचले: 'कागदाचा आकार यंत्रणेला विचारा', आणि पुढे बगचा क्रमांक. जुने बगही जपलेले आहेत. युरोपातल्या कोणाची तरी तक्रार होती: पुस्तिका दुमडली की मध्य सरकतो, सुमारे नऊ मिलिमीटर. बावीस वर्षांपूर्वी कोणीतरी हीच पट्टी लावली होती.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एका व्हॉल्व्हला लाल चिंधी बांधलेली आहे. बाबा सेक्रेटरी असताना कोणी विचारलं की म्हणायचे, सोडू नका, कशासाठी आहे ते आधी बघा. स्वतः त्यांनी कधी बघितलं नाही, तेही खरं.

याची दुसरी बाजू डेबियनवाल्यांना चांगली माहीत आहे. 2006मध्ये गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएलच्या पॅकेजमध्ये मेंटेनरने दोन ओळी काढल्या, कारण व्हॅलग्रिंड नावाचं तपासणीचं साधन त्यांच्यावर तक्रार करत होतं. तक्रार थांबली. पण त्यांतल्या एका ओळीतून यादृच्छिक आकड्यांच्या हौदात पाणी पडत होतं. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीसाठी एका तऱ्हेच्या मशिनवर 32,768 शक्यता. मे 2008पर्यंत, जवळजवळ दोन वर्षं, त्यातून निघालेली प्रत्येक किल्ली ओळखता येण्यासारखी होती. मेंटेनरने मेलिंग लिस्टवर विचारलंही होतं, एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हणायला हवं. मी तर विचारलंही नव्हतं. उलट विचारणाऱ्यालाच 'चाचणी पास आहे' म्हणून गप्प केलं.

पॅच नव्या कोडवर पुन्हा लिहिला, आता बाराच्या अठरा ओळी झाल्या. वर डेप-3च्या पद्धतीने माथा लिहिला: काय करतो, कोणत्या बगसाठी, मूळ कोणाचा, लेखकाला पाठवला का. चाचणी दुसरीही जोडली, आकार न सांगता चालवायची आणि मध्य मोजायचा. स्पॉन्सरला सगळं जसंच्या तसं लिहिलं, घडीसकट. त्याचं उत्तर एका ओळीचं: एकोणिसावा मुद्दा आता मिटला.

9 ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. वरळीत कोळी बांधव नारळ वाहतात, पुढे होड्या समुद्रात निघतात. डेबियन 13, ट्रिक्सी, आजच निघालं. 69,830 पॅकेजेस, रिस्क-व्ही ही प्रोसेसरची जात पहिल्यांदाच अधिकृत. माझं पॅकेज त्यात आहे, पण जुनंच, 2016च्या कपड्यांत. पुढच्या आवृत्तीचं नाव फोर्की, आता टेस्टिंग म्हणजे ते.

भाऊ ओवाळून घ्यायला आला होता. त्याला दाखवलं. "पैसे किती देतात?" नारळीभात वाढला.

16 ऑगस्ट, शनिवार

आज डेबियनचा वाढदिवस. इयान मर्डॉकने 16 ऑगस्ट 1993ला जाहीर केलं होतं, बत्तीस वर्षं झाली. आणि आज दहीहंडी. खाली चौकात सकाळपासून डीजे, खिडकीची काच थरथरतेय, आणि मी हेडफोन लावून चेंजलॉगची शेवटची ओळ लिहितेय. मेंटेनरच्या रकान्यातून क्यूए गट गेला आणि माझं नाव आलं. आपलं नाव मी हजार पुस्तकांत कुठेच छापलेलं पाहिलेलं नाही, 'अक्षरजुळणी' च्या पुढे छापखान्याचं नाव असतं.

स्पॉन्सरने संध्याकाळी सही करून टाकलं. अनस्टेबलमध्ये स्वीकारल्याचा मेल आला तेव्हा बाहेर 'गोविंदा आला रे' चालू होतं. घरात कोणाला ऐकू गेलं नसतं म्हणून कोणाला सांगितलं नाही.

19 ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. मध्य रेल्वे बंद, मालकांचा फोन आला की येऊ नकोस. दुसरी बातमी मेलवर: बांधणी फसली.

सोर्स एकदा भांडारात गेला की डेबियनची मशिनं तो प्रत्येक आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक जातीवर, स्वतः बांधतात. एएमडी64 आणि आय386वर हिरवं. आर्म, पॉवर, एस390एक्स, रिस्क-व्ही, सगळीकडे लाल, आणि सगळीकडे एकच शेवटची ओळ: 150 मिनिटं काहीच हालचाल नाही, म्हणून मारून टाकलं.

लटकली होती माझीच नवी चाचणी. तीच, जी सेटिंगची फाइल वाचते.

माझ्याकडे आर्मचं मशिन नाही. क्यूईएमयू या दुसऱ्या मशिनची नक्कल करणाऱ्या साधनावर आर्म64ची खोली उभी केली. पावसात इंटरनेट ये-जा करत होतं, सामान यायला अडीच तास. आत चालवलं आणि खरंच लटकलं. जीडीबी या दोष शोधायच्या साधनाने बघितलं तर एका लूपमध्ये फिरतंय, एकेक अक्षर वाचायचं आणि फाइल संपली की थांबायचं. थांबतच नाही.

संध्याकाळी पाचला दिसलं. वाचलेलं अक्षर 'कॅर' प्रकारच्या चलात ठेवलंय. फाइल संपल्याची खूण म्हणजे उणे एक. इंटेल-एएमडीवर कॅरमध्ये उणे आकडा मावतो. आर्म, पॉवर, एस390एक्स आणि रिस्क-व्हीवर कॅर शून्यापासून 255पर्यंतच जातो. उणे एक तिथे 255 होतं, उणे एकशी कधी जुळत नाही, आणि लूप चालतच राहतो. एएमडीवरही बरोबर नाहीच, फाइलमध्ये 255चा बाइट आला तर वाचणं अर्ध्यातच थांबेल. कॅरच्या जागी 'इंट' हा मोठे आणि उणे आकडे मावणारा प्रकार लिहिला. एक शब्द.

हा दोष लेखकाच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. इतकी वर्षं बांधताना कोणी चालवूनच बघत नव्हतं, म्हणून सगळीकडे हिरवं दिसायचं. आर्मवर सेटिंगची फाइल ठेवून हे साधन कोणी वापरलं असेल तर त्याने कंट्रोल-सी दाबून नाद सोडला असेल. तक्रार करायला कोण बसतंय.

स्पॉन्सरला पॅच पाठवला, माथ्यासकट. लेखकालाही.

21 ऑगस्ट, गुरुवार

दुसरी फेरी गेली. रात्री अकरापर्यंत सगळं हिरवं, एस390एक्स शेवटी. ते आयबीएमचे मेनफ्रेम आहेत. भांडुपमध्ये लावलेला फर्मा मेनफ्रेमवर तपासला जातोय.

लेखकाचं उत्तर आलं. दोन्ही पॅच घेतले. म्हणतो, हे साधन त्याने स्वतःच्या कवितांच्या पुस्तिका छापायला लिहिलं होतं, आता छापत नाही.

27 ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. सिडमध्ये पाच दिवस काही मोडलं नाही तर पॅकेज आपोआप टेस्टिंगमध्ये सरकतं. आरतीनंतर मोदक वळायच्या आधी बघितलं, फोर्कीत पोहोचलंय. ज्या अहवालाची घडी बिघडली होती तो मंडळात वाटला गेला. तात्यांनी एक प्रत माझ्यासाठी ठेवलीय, मधलं पान उघडून.

7 सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, आज सगळी मुंबई झोपलीय.

अपडेट केलं. हाऊ-कॅन-आय-हेल्पच्या यादीत आता ते नाव नाही. त्याच्या खालचं होतं, ते वर सरकलंय. बघितलं नाही असं करून बंद केलं.

आणि माझ्या नावावरचा पहिला बग आला. अमेरिकेतला माणूस आहे. लिहितो: नव्या आवृत्तीत पुस्तिकेचा मध्य सरकतो, माझ्याकडे लेटर कागद आहे आणि साधन ए4 धरून चालतंय, आधीच्या आवृत्तीत असं नव्हतं. किती सरकतो, तेही मोजून लिहिलंय. नऊ मिलिमीटर.

बहुतेक त्याच्या मशिनवर कागदाचं सेटिंग ए4 राहिलंय. बहुतेक. पण आधीची आवृत्ती तेच सेटिंग वाचायची, मग तेव्हा कसं चालत होतं? ठरवलेला कागद सांगणाऱ्या 'पेपरकॉन्फ' आज्ञेचं उत्तर आणि लोकेल, म्हणजे भाषा-देशाचं सेटिंग, मागवलंय. पॅचच्या त्या जास्तीच्या सहा ओळी पुन्हा वाचायला घेतल्या.